साडी नेसलेली मरिया

आज पंचाईत अशी आहे की विषय चित्रांचा आणि आपलं काम कानांचं. त्यामुळे मी वर्णन करतो, तुम्ही डोळ्यांपुढे आणा. एक सावळी बाई. डोक्यावरून पदर, अनवाणी पाय, कडेवर किंवा मांडीवर बाळ. ही येशूची आई मरिया. चित्रकार अँजेलो द फोन्सेका, गोव्याचे, कट्टर नव्हे पण मनापासून कॅथलिक.

फोन्सेकांचा जन्म १९०२ चा, सांत इस्तेव्ह बेटावरचा. मुंबईत डॉक्टरकीचा अभ्यास सुरू केला, तो सोडला, जे. जे. मध्ये गेले, तिथूनही निघाले ते थेट शांतिनिकेतनला. तिथे अवनींद्रनाथ टागोर आणि नंदलाल बोस यांच्याकडे शिकले. युरोपची नक्कल न करता आपल्या मातीतलं चित्र कसं काढायचं, हाच तिथला ध्यास होता. साहजिकच गोव्यात परतल्यावर, १९३० च्या आसपास, त्यांनी मरियेला साडी नेसवली.

आणि गोव्यात ते खपलं नाही. टीका इतकी झाली की फोन्सेकांना गाव सोडावं लागलं.

मला यात खरी गंमत वाटते ती अशी. ज्या गोव्यात सोळाशेच्या आसपासपासून स्थानिक कारागीर हस्तिदंताचा बाळ येशू कोरत होते, तिथेच हा राग! ते जुने 'चांगला मेंढपाळ' पुतळे पाहा, लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातही आहेत. मेंढरांमध्ये खडकावर बसलेलं मूल, मिटलेले डोळे, अगदी ध्यानस्थ बुद्धासारखं. त्याच काळात फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने १६१६ मध्ये चक्क मराठी ओव्यांत 'क्रिस्तपुराण' लिहिलं. म्हणजे ओवी चालली, बुद्धाची मुद्रा चालली, मग साडीचंच काय वावडं?

माझ्या मते उत्तर १७३६ मध्ये सापडतं. त्या वर्षी गोव्याच्या इन्क्विझिशनने एक फर्मान काढलं. ख्रिस्ती पुरुषांनी पुडवं, म्हणजे धोतर, नेसायचं नाही. बायकांनी चोळी घालायची नाही. लग्नात हळद नको, दारात तुळस नको. तुम्ही ख्रिस्ती आहात की नाही हे तुमच्या अंगावरच्या कापडावरून ठरवायचं, असा तो सगळा मामला. इन्क्विझिशन १८१२ मध्ये बंद झालं, पण हुकूम गेला तरी सवय जात नाही. (कुणबी ख्रिस्ती बायका कापड नेसतच राहिल्या, ही गोष्ट वेगळी; त्यांना विचारणार कोण?) अशा समाजात वेदीवरची सायबीण पदर घेऊन उभी राहिली, तर अनेकांना ते चित्र वाटलंच नसणार. आपली ओळखच कोणीतरी पुसतंय असं वाटलं असणार.

त्यांच्या टीकाकारांना एक साधा प्रश्न मात्र विचारावासा वाटतो. मरिया नाझरेथची ज्यू मुलगी. इटलीच्या चित्रकारांनी तिला इटालियन बाईचे कपडे घातले, मागे इटलीच्या टेकड्या काढल्या. तो पोशाख तरी तिचा कुठे होता?

असो. फोन्सेका आले पुण्याला, शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात. आणि इथे गोष्ट नगरला जाऊन भिडते. आश्रमाचे संस्थापक जॅक विन्स्लो हे इंग्रज, अँग्लिकन पंथाचे. त्यांच्यावर प्रभाव होता रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा, त्यांनी टिळकांचं चरित्रही लिहिलं. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, पण विलायती चालींची भाषांतरित गीतं त्यांना पुरली नाहीत. ख्रिस्तावर त्यांनी अभंग रचले, भजनं रचली. लक्ष्मीबाईंचे पती म्हणून तुम्ही त्यांना 'स्मृतिचित्रे'मध्ये भेटला असाल. त्याच वळणावर विन्स्लोंचा आश्रम उभा राहिला: खादी, जमिनीवर बैठक, देशी जेवण. अभंगात ख्रिस्त आधीच आला होता. आता रंगांत यायचा होता. कॅथलिक चित्रकाराला आसरा मिळाला तो अँग्लिकनांच्या आश्रमात, हेही नोंद करून ठेवा.

फोन्सेका जवळजवळ आयुष्यभर तिथेच रंगवत राहिले. मुंबईचे इतिहासकार फादर हेरास यांनी त्यांना पाठबळ दिलं. १९५० मध्ये चित्रं रोमला प्रदर्शनात लागली. १९६३ मध्ये तर व्हॅटिकन परिषदेनेच उपासनेत लोकभाषेला आणि प्रत्येक देशाच्या कलेला जागा दिली, म्हणजे फोन्सेका ज्यासाठी गाव सोडून आले त्याला. त्यानंतर चारच वर्षांनी, १९६७ मध्ये, ते गेले.

त्यांच्या पत्नी आयव्ही यांनी चित्रं जपली. आज त्यातली बरीचशी पर्वरीच्या झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्चकडे आहेत. म्हणजे ज्या गोव्यातून ती मरिया निघाली होती, तिथेच परत. पणजीला जाणार असाल तर मांडवीचा पूल ओलांडला की पर्वरी. फोन करून, वेळ ठरवून जा.