मात्रा

परवा रात्री भाच्याचा फोन आला. तो न्यू जर्सीत असतो. आवाज अगदी पडलेला. म्हटलं, घरी सगळं ठीक आहे ना? तर म्हणाला, "मामा, टाकीतली पोवळी गेली. निम्म्याहून जास्त."

त्याच्या बैठकीत चारशे लिटरची खाऱ्या पाण्याची काचेची टाकी आहे. मासे थोडेच, खरी शोभा जिवंत प्रवाळांची. (आपल्याकडे 2001 पासून प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या संरक्षित यादीत आहेत, त्यामुळे हा छंद तिकडचाच समजा.) आठ वर्षं त्याने ती जिवापाड जपली. बाजारातल्या औषधाच्या बाटल्या महाग, म्हणून तो स्वतःच घरी मिश्रण करायचा. मँगनीज, जस्त, तांबं, आयोडीन... चिमटी-चिमटीने क्षार तोलायचे, शुद्ध पाण्यात विरघळवायचे आणि रोज थोडे थेंब टाकीत. या वेळी हिशेबात दशांश चिन्ह एक घर सरकलं. महिनाभर दहापट तांबं पडत राहिलं.

"एवढ्याशा थेंबानं काय होणार, असं वाटलं मामा," तो म्हणाला.

ते वाक्य काही डोक्यातून जाईना. म्हणून चार दिवस वाचत बसलो. आणि लक्षात आलं की या छंदाचा सगळा इतिहास याच एका वाक्याभोवती फिरतो आहे.

1854 साली लंडनमध्ये फिलिप हेन्री गॉस नावाच्या निसर्ग अभ्यासकाने घरच्या घरी समुद्र बनवायचं ठरवलं. समुद्राचं पाणी शहरात आणणं खर्चाचं. त्याच्या हाती ब्रायटनच्या समुद्रपाण्याचं रासायनिक पृथक्करण होतं. त्यावरून त्याने कृती लिहिली: साडेतीन औंस मीठ, पाव औंस एप्सम सॉल्ट, 200 ग्रेन मॅग्नेशियम क्लोराईड, 40 ग्रेन पोटॅशियम क्लोराईड आणि चार क्वार्टला थोडं कमी पाणी. पृथक्करणात ब्रोमाईड आणि चुनाही होता. ब्रोमाईड त्याने अगदी नगण्य म्हणून सोडून दिलं. चुनाही सोडला, तो तळाशी टाकलेल्या शिंपल्यांतून मिळेल म्हणून. म्हणजे "एवढ्याशाने काय होणार" हे पहिल्या कृतीतच आलं! 

पुढे 'चॅलेंजर' जहाज 1872 ते 1876 जगभर फिरलं. त्याने आणलेले पाण्याचे 77 नमुने विल्यम डिटमारने तपासले आणि 1884 मध्ये निष्कर्ष छापले. समुद्र कुठलाही असो, मुख्य क्षारांचं एकमेकांशी प्रमाण जवळपास तेच. एका लिटरात साधारण 35 ग्रॅम क्षार. पण त्यातली शेवटची चिमूट, जिच्यात डझनावारी मूलद्रव्यं दडलेली असतात, ती मोजायचं साधन तेव्हा नव्हतं.

1961 मध्ये जकार्ताच्या ली चिन एंग यांनी वेगळीच वाट दाखवली. समुद्रातला जिवंत खडक, हवेचे बुडबुडे आणि ऊन, बास. जे मोजता येत नाही ते निसर्गच आणेल. मग 1970 च्या दशकात पीटर विल्केन्स यांनी टाकीत चुन्याची निवळी घालायला शिकवलं, कारण प्रवाळ सांगाडा बांधायला कॅल्शियम ओढून घेतं. हो, तीच चुन्याची निवळी, जी आपल्याकडे तान्ह्या बाळांना थेंब-थेंब देत असत. 2006 मध्ये रँडी होम्स-फार्ली या रसायनशास्त्रज्ञाने खायचा सोडा, कॅल्शियम क्लोराईड आणि एप्सम सॉल्ट यांची घरगुती कृती सगळ्यांना खुली करून दिली. भाचा त्याच वाटेवरचा.

पण हे सगळे ग्रॅममध्ये मोजायचे पदार्थ. सूक्ष्म द्रव्यांची गोष्ट निराळी. तिथे घोटाळा उलटा झाला. थोडं चांगलं, तर जास्त आणखी चांगलं, असं म्हणून बाटल्या रिकाम्या होऊ लागल्या. 2002 मध्ये रोनाल्ड शिमेक यांनी बऱ्याच घरगुती टाक्यांचं पाणी प्रयोगशाळेत तपासून घेतलं, तर तांब्यासारखे धातू समुद्रापेक्षा कितीतरी जास्त निघाले. माशांच्या खाद्यातून आणि मिठातून ते आधीच येत होते. कमी पडतील म्हणून घालत होते आणि साठत होते!

आता माझं घर तुमसरला. समुद्र इथून शेकडो किलोमीटर. पण चिखला, सीतासावंगी, डोंगरी बुजुर्ग इथल्या खाणींतून काळं मँगनीज निघतं, आणि लहानपणी आम्ही ट्रकमधून सांडलेले जड काळे खडे खिशात भरून आणायचो. या पट्ट्याचा अभ्यास करून फर्मर यांनी 1909 मध्ये भारतातल्या मँगनीजवर मोठा ग्रंथ लिहिला आणि इथल्या एका खडकाला गोंड लोकांवरून 'गोंडाइट' नाव दिलं. गंमत म्हणजे हे मँगनीज मुळात एका फार पुरातन समुद्राच्या तळाशी बसलेला गाळ आहे. आपल्या भंडाऱ्यालाही एकदा समुद्र होता!

आजच्या समुद्रात मँगनीज लिटरमागे फार तर ग्रॅमचा एक कोटीवा हिस्सा. म्हणजे एक ग्रॅम एक कोटी लिटरला पुरावं. तेवढंही नसेल तर चालत नाही. प्रवाळात राहणारी सूक्ष्म शैवालं उन्हात पाणी फोडून प्राणवायू काढतात, ते काम मँगनीजशिवाय होत नाही. आपल्या धानाचंही तसंच. आणि हेच मँगनीज भुकटी होऊन छातीत गेलं की? 1837 साली ग्लासगोच्या जॉन कूपर यांनी ते दळणाऱ्या कामगारांचे लटपटते पाय आणि खोल गेलेला आवाज नोंदवून ठेवला. आपल्या कायद्यातही मँगनीज विषबाधा हा कळवावाच लागणारा आजार आहे.

उलट बाजूही बघा. धान तांबडं पडून खुरटायचं, त्याला खैरा म्हणत. लोक कीड शोधत होते. 1966 मध्ये पंतनगरला यशवंत लक्ष्मण नेने यांनी दाखवलं की रोग नाही, जस्त कमी आहे. हेक्टरी 5 किलो झिंक सल्फेट आणि अडीच किलो चुना हजार लिटर पाण्यात घालून फवारला की धान हिरवं. त्यांनी आधी काय कमी आहे ते शोधलं, मग घातलं.

आपल्या भाषेत औषधाला आणि मापाला एकच शब्द आहे, मात्रा. प्रवाळाचं भस्म आपण मात्रेत घेत आलो आणि भाचा प्रवाळालाच मात्रा देत होता. आजी बाळगुटी उगाळायला बसली की सहाणेवर प्रत्येक मुळीचे वेढे मोजायची. मधे कुणी बोललेलं तिला चालत नसे. मोजणी चुकली तर सगळं धुऊन पुन्हा पहिल्यापासून.

काल पुन्हा भाच्याला फोन केला. पाणी बदलतोय, आणि उरलेलं एका प्रयोगशाळेला तपासायला पाठवलंय म्हणाला. निकाल येईपर्यंत काही घालणार नाही.

म्हटलं, बरं करतोयस. तुझी पणजीही तेच म्हणाली असती.