देशी बुद्धिबळातील नियमस्वातंत्र्य आणि नवशिका खेळाडू

कोणत्याही खेळाचे नियम ठरविताना दोन गरजांचा मेळ घालावा लागतो. जाणत्या खेळाडूला आपल्या पद्धतीने डाव रचण्याची मोकळीक हवी असते. नवशिक्याला तीच मोकळीक भिंतीसारखी आडवी येते. संगणकाच्या जाळ्यावर एकाच वेळी असंख्य माणसे ज्या खेळांत उतरतात, त्यांच्या रचनाकारांपुढे आज हाच प्रश्न आहे. परंतु तो नवा नाही. महाराष्ट्रात, विशेषतः सातारा-सांगलीच्या टापूत, देशी बुद्धिबळाकडून आंतरराष्ट्रीय बुद्धिबळाकडे जे स्थित्यंतर झाले त्यात हा प्रश्न स्पष्टपणे पाहावयास मिळतो.

प्रथम या टापूचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. सातारा ही छत्रपतींची राजधानी. ते राज्य १८४८ मध्ये खालसा झाले. सांगली हे पटवर्धनांचे संस्थान १८०१ मध्ये मिरजेपासून वेगळे झाले व १९४८ मध्ये विलीन झाले. १९४९ मध्ये सातारा जिल्ह्याचे उत्तर व दक्षिण असे विभाग पडले आणि दक्षिण साताऱ्यास १९६० मध्ये सांगली हे नाव मिळाले. जेथे राज्यकारभारही इतका वाटला गेला होता, तेथे खेळाचे नियम एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी बदलत, यात नवल नाही.

देशी पद्धतीचे सामान्य विशेष पुढीलप्रमाणे सांगता येतात. प्यादे पहिल्या चालीतही एकच घर सरके. राजाला किल्लेकोट नव्हता. मात्र शह बसला नसेल तर संपूर्ण डावात एकदा तो घोड्याप्रमाणे उडी घेऊ शके. शेवटच्या पट्टीत पोहोचलेले प्यादे वाटेल ते मोहरे होत नसे. ज्या घरात ते पोहोचे त्या घरच्या मूळ मोहऱ्याचे रूप त्याला मिळे, आणि तेही बहुधा ते मोहरे आधी मारले गेले असेल तरच. काही प्रांतांत डावाच्या आरंभी दोन्ही पक्ष आपापल्या अर्ध्या पटात अनेक चाली एकदम करून घेत व नंतरच खरी झुंज सुरू होई. एच्. जे. आर्. मरी यांनी १९१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या बुद्धिबळाच्या इतिहासात हिंदुस्थानातील या भिन्न पद्धतींची सविस्तर नोंद आहे.

या नियमांकडे केवळ गोंधळ म्हणून पाहणे योग्य होणार नाही. आरंभीच्या चालींचा प्रघात घ्या. प्रत्येकाने आपले सैन्य आपल्या मनाप्रमाणे मांडावे, एवढी मोकळीक त्यात आहे. पण पटाची मध्यरेषा ओलांडावयाची नाही, ही मर्यादाही त्यातच आहे. त्यामुळे रचना कितीही चतुर असली तरी नवख्यावर पहिल्या दोन-चार चालींतच घाला पडत नसे. प्याद्याची मंद गती त्याला संकट ओळखण्यास वेळ देई, आणि राजाची उडी ही एक सुटकेची वाट त्याच्या हाती राही.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे विजयाच्या प्रती. प्रतिपक्षाची सर्व मोहरी खाऊन राजा एकटा उरला की बुर्जी होई, आणि असा शेवट पूर्ण मातीच्या तोलाचा धरीत नसत. उलट प्याद्याने केलेली मात, म्हणजे प्यादेमात, ही विशेष मानाची. याचा परिणाम असा, की बलवान खेळाडूला केवळ कापाकापी करून भागत नसे. प्रतिपक्षाचे काही बळ शिल्लक ठेवून नेमकी मात शोधावी लागे. म्हणजे ज्याची शक्ती अधिक त्याच्यापुढचे काम अधिक कठीण. दुर्बल पक्षाला मोहरे अधिक देण्याऐवजी प्रबल पक्षाचे यश अवघड करावयाचे, असा हा समतोल होता.

तथापि या व्यवस्थेची किंमतही होती. गावचा निष्णात खेळाडू परगावी गेला की पुन्हा नवशिका होई. पटावर बसण्यापूर्वी उडी चालते काय, प्यादे कशाचे होते, हे ठरवून घ्यावे लागे, आणि ज्याला हे माहीत नाही तो विचारण्यापूर्वीच हरे. या अडचणीची जाणीव जुनी आहे. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या संस्कृत ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर १८१४ मध्ये मुंबईस छापले गेले, तेव्हा त्यातील डाव युरोपीय पद्धतीस जुळवून घेतलेले होते आणि शिकणाऱ्याची सुधारणा हा त्याचा हेतू शीर्षकातच नोंदविला होता. छापील पुस्तकाचा लाभ दूरच्या वाचकास व्हावयाचा तर नियम एक असले पाहिजेत, हे तेथेच दिसते.

स्थित्यंतराची कठोर बाजू मीर सुलतान खान यांच्या चरित्रात दिसते. पंजाबात देशी पद्धतीने वाढलेल्या या खेळाडूने १९२९, १९३२ व १९३३ अशी तीन वेळा ब्रिटिश अजिंक्यपदे जिंकली. परंतु डावाच्या आरंभाचा पुस्तकी अभ्यास ही त्यांची उणी बाजू राहिली. पुढे १९५१ मध्ये अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ स्थापन झाला आणि १९५५ मध्ये एलुरू येथील पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेत रामचंद्र सप्रे व डी. वेंकय्या संयुक्त विजेते ठरले. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकर यांनी नूतन बुद्धिबळ मंडळाच्या द्वारे स्पर्धा व शिक्षण यांची परंपरा उभी केली. सांगलीच्या स्वाती घाटे पुढे महिला ग्रँडमास्टर झाल्या. एकरूप नियमांवाचून जिल्ह्याच्या गावातून जागतिक पटापर्यंतचा हा मार्ग खुला झाला नसता.

मात्र नियम एक झाल्याने नवशिक्याची अडचण नाहीशी झाली असे नव्हे. तिचे स्थान बदलले. पूर्वी स्थानिक संकेत ठाऊक नसणे ही अडचण होती. नंतर छापील आरंभपद्धती ठाऊक नसणे ही अडचण झाली. पूर्वी समतोल नियमांच्या पोटात होता. आता तो नियमांच्या बाहेर, वयोगट, गुणांकन आणि समबळ प्रतिस्पर्ध्यांच्या जोड्या यांच्या द्वारे साधावा लागतो.

भाषेने या घडामोडीची खूण जपली आहे. ‘किल्लेकोट’ हा शब्द नव्या नियमाबरोबर रूढ झाला. राजाची उडी व्यवहारातून गेली. ‘प्यादेमात’ व ‘शह-काटशह’ मात्र पटाबाहेरच्या मराठीत नांदत आहेत. प्यादेमातीचे ते वजन मुळात एका नियमाचे होते: समर्थाने सहज मिळणाऱ्या जयावर समाधान मानू नये. तो नियम पटावरून गेला. त्याचे काम दुसऱ्या कोणत्या तरी व्यवस्थेने करावयास हवे, एवढे मात्र हा इतिहास निश्चितपणे दाखवितो.