दाण्याच्या लाडवाचा अमेरिकन भाऊ

पीनट बटर भरलेलं चॉकलेट मी परवा प्रथमच चवीनं खाल्लं. आधी गोड, मग एकदम खारट, रवाळ कूट! मंडळी, हा तर आपल्या दाण्याच्या लाडवाचा भाऊ.

त्याचं गाव पेनसिल्व्हानियातलं हर्शी. हॅरी रीस तिथे हर्शींच्या गोठ्यांवर कामाला होता. १९२३ साली त्याने मिठाईचा स्वतःचा धंदा काढला, तोही घराच्या तळघरात. खाणारी तोंडं वाढत होती; मुलं झाली सोळा (होय, सोळा!). १९२८ मध्ये पीनट बटरचे कप आले. चॉकलेट जुन्या मालकाकडूनच विकत घेतलेलं. दुसऱ्या महायुद्धात साखरेचं रेशनिंग आलं, तेव्हा बाकीच्या मिठाया बंद करून त्याने या एका कपावर कारखाना तगवला; याला साखर कमी लागे. १९५६ मध्ये रीस गेला. १९६३ मध्ये मुलांनी कंपनी हर्शीत विलीन केली, पण वेष्टणावर नाव वडिलांचंच राहिलं.

आता उपासाला हे चालेल का? दाणे चालतात, दूध-साखर चालते. कोकोबद्दल पुराणं गप्प आहेत. पण तोही भुईमुगासारखा मूळचा अमेरिका खंडातलाच, आणि भुईमूग आपण कधीच उपासाला घेतला आहे.