देबूचे आजोळ

यवतमाळ जिल्ह्यातील मुले-मुली महाविद्यालयातून बाहेर पडतात, तेव्हा त्यांच्या पदवीपत्रावर ज्या विद्यापीठाची मुद्रा असते, ते अमरावतीचे विद्यापीठ संत गाडगे बाबांच्या नावाने ओळखले जाते. बाबांचा खराटा, त्यांचे गाडगे, त्यांची कीर्तने, त्यांनी उभारलेल्या धर्मशाळा हे सारे आपल्याला ठाऊक असते. परंतु हे नाव दारूने उद्ध्वस्त झालेल्या घरातील एका पोरक्या मुलाचे आहे, याचे स्मरण सहसा कोणी करून देत नाही. आम्हाला आज तीच बाजू मांडावीशी वाटते. कारण तशाच घरांतील मुले आपल्या शाळांत, वसतिगृहांत आणि रविवारी आपल्या मंदिरातील बाकांवर रोज आपल्यासमोर बसलेली असतात.

देबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेणगाव येथे एका परीट कुटुंबात झाला. वडील झिंगराजी दारूच्या आहारी गेले, घराची धूळधाण झाली आणि १८८४ साली ते वारले. देबू तेव्हा आठ वर्षांचा होता. आई सखूबाई त्याला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या आपल्या माहेरी आली. तेथे आजोबा होते, मामा होते, गुरे होती, शेत होते. पोराला शाळा लाभली नाही. पण पोटाला अन्न, हाताला काम आणि डोक्यावर एक स्थिर छप्पर लाभले. पुढे स्वतःच्या लेकीच्या बारशाला या तरुणाने दारू आणि मांसाची रूढ पंगत मोडून गोडाचे जेवण घातले. १९०५ साली त्याने घर सोडले. आणि २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ देह ठेवीपर्यंत गावोगावच्या कीर्तनांतून दारूविरुद्ध लोकांना बजावणे त्याने सोडले नाही. त्या बजावण्यामागे आठ वर्षांच्या देबूचे डोळे होते, असे आम्हाला वाटते.

आता या पार्श्वभूमीवर दारूविरोधी कार्याचा इतिहास पाहिला, तर एक गोष्ट ध्यानात येते. समाजाला प्रथम पिणारा दिसला, नंतर त्याची पत्नी दिसली आणि सर्वांत शेवटी त्याचे मूल दिसले. आयर्लंडमध्ये फादर थिओबाल्ड मॅथ्यू यांनी १८३८ साली मद्यत्यागाच्या शपथा देण्यास प्रारंभ केला; लाखो लोकांनी त्या घेतल्या. त्या शपथा पिणाऱ्याच्या होत्या. १८४७ साली इंग्लंडमधील लीड्स येथे ‘बँड ऑफ होप’ ही मुलांची संघटना निघाली; पण तेथेही मुलाकडून ‘मी पिणार नाही’ असे वचन घेतले जाई. ‘बाळा, तुझ्या घरी रात्री काय होते?’ हा प्रश्न त्या चळवळीच्या केंद्रस्थानी नव्हता.

आपल्या साहित्यातही हेच दिसते. १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ने पिढ्यान्‌पिढ्यांना रडविले. सुधाकर बोलतो, सिंधू बोलते. त्यांचे मूल मात्र तान्हे आहे. बापाच्या नशेत त्याचा बळी जातो, पण त्याच्या वाट्याला एकही शब्द येत नाही. ते मूल चौदा वर्षांचे असते, तर ते काय बोलले असते?

हा प्रश्न दुसऱ्यांना विचारण्यापूर्वी आम्ही स्वतःला विचारला पाहिजे. पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या वसतिगृहात नववीत शिकणारा एक मुलगा होता. त्याच्या वडिलांना आम्ही वेदीसमोर उभे करून दारू सोडण्याची शपथ दिली होती. पोळ्याच्या दिवशी ती मोडली. मुलगा सुट्टीहून परतला आणि दाराशी उभा राहून त्याने विचारले, “फादर, माझी प्रार्थना कमी पडली का?” आम्ही त्याला आणखी प्रार्थना करण्यास सांगितले आणि अभ्यासाला पाठविले. आमचे उत्तर धार्मिक होते, पण न्यायाचे नव्हते. बापाच्या व्यसनाचे ओझे पोराने आपणहून खांद्यावर घेतले होते. ते उतरविण्याऐवजी आम्ही ते अधिकच घट्ट बांधले. हे आम्हाला उमगले, तोवर तो मुलगा शाळा सोडून गेला होता.

ज्या गोष्टीची आम्हाला तेव्हा जाण नव्हती, ती जगात अन्यत्र एका मुलानेच ओळखली होती. अमेरिकेत १९३५ साली ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ची स्थापना झाली. पुढे १९५१ साली पिणाऱ्यांच्या कुटुंबीयांसाठी ‘अल-अ‍ॅनॉन’ उभी राहिली. आणि १९५७ साली कॅलिफोर्नियातील सतरा वर्षांच्या एका मुलाने, ज्याचे आईवडील या दोन संघटनांत जात असत, आपल्यासारख्या किशोरांची स्वतंत्र बैठक सुरू केली. तीच ‘अलाटीन’. आईवडिलांची दारू आपल्यामुळे सुरू झालेली नाही, ती आवरणे आपल्या हाती नाही आणि तो आजार बरा करणे हे आपले काम नाही, एवढे तीन धडे ही मुले एकमेकांपासून शिकू लागली. आमच्या नववीतल्या मुलाला नेमके हेच ऐकायचे होते.

१९६९ साली कॅनडातील मार्गारेट कॉर्क यांनी अशा ११५ मुलांशी बोलून ‘विस्मृत मुले’ या अर्थाच्या शीर्षकाचे पुस्तक प्रसिद्ध केले. या मुलांना दारूपेक्षाही घरातील भांडणे आणि आपली दखल न घेतली जाणे अधिक झोंबत होते. हवाई बेटांतील कौआई येथे १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे मागोवा घेतला. त्यांतील ४९ मुलांच्या घरी आई किंवा वडील दारूच्या आहारी गेलेले होते. अठराव्या वर्षापर्यंत या ४९ पैकी ५९ टक्के मुलांत गंभीर समस्या निर्माण झाल्या नव्हत्या. बिकट परिस्थितीतून तरून गेलेल्या मुलांच्या वाट्याला बहुधा एक गोष्ट आलेली असे, हे त्या संपूर्ण अभ्यासातून दिसले: निदान एका वडीलधाऱ्या माणसाचा अढळ जिव्हाळा. ते माणूस आजी-आजोबा असेल, शिक्षक असेल वा शेजारी असेल. आपल्या भाषेत सांगायचे, तर त्यांना आजोळ मिळाले होते. परंतु उरलेल्या ४१ टक्क्यांचे काय? देबू तरला म्हणून प्रत्येक देबू आपोआप तरेल, असे समजणे हा निष्काळजीपणा होय.

महाराष्ट्रात या कार्याला विसाव्या शतकाच्या अखेरीस आकार आला. मुंबईत १९८१ साली फादर ज्यो परेरा यांनी कृपा फाउंडेशनची स्थापना केली. १९८६ साली पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांच्या प्रयत्नांतून ‘मुक्तांगण’ सुरू झाले. व्यसन हा केवळ दुर्गुण नसून आजार आहे आणि तो सबंध घराला ग्रासतो, हा विचार अशा संस्थांनी मराठी माणसाच्या गळी उतरविला. मात्र पुण्या-मुंबईची वाट झरी-जामणीच्या किंवा घाटंजीच्या मुलाला फार लांबची आहे.

आमच्या जिल्ह्याची गोष्टच निराळी. वर्धा नदीच्या पलीकडे वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे. चंद्रपूर जिल्ह्यात ती २०१५ साली आली आणि २०२१ साली उठविली गेली. नदीच्या अलीकडे यवतमाळात बंदीसाठी स्त्रियांनी मोर्चे काढले. आम्ही त्या भगिनींच्या बाजूचे आहोत. परंतु गावातले दुकान बंद करायचे की नाही, यासाठी ‘आडव्या बाटली’चे मतदान होते, तेव्हा चौदा वर्षांच्या मुलाला मत नसते, आणि बंदी येवो वा उठो, कापसाचा चुकारा हाती पडलेल्या रात्री त्याला त्याच घरात झोपायचे असते. २०१५ साली शासनाने आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला. तो शेतकऱ्याचे मन सावरण्यासाठी होता आणि त्याची गरज होतीच. शेतकऱ्याच्या मुलाच्या मनाचे दार मात्र वेगळे आहे. ते वेगळेच ठोठवावे लागते.

ते ठोठवायचे कसे? बाजाराच्या दुसऱ्या दिवशी वर्गात न येणारा मुलगा, धाकट्या भावंडांचे सारे करून पेंगत बसणारी मुलगी, सुट्टी लागली की कावराबावरा होणारा आणि कधीही चूक न करणारा अतिशहाणा विद्यार्थी, यांच्याकडे शिक्षकांनी आणि आम्हा धर्मगुरूंनी थांबून पाहावे. घरचे विचारण्याची घाई करू नये. तो बोलेल तेव्हा ऐकावे, ते गावभर करू नये आणि ‘यात तुझा दोष नाही’ हे वाक्य पुनःपुन्हा सांगावे. बापाला सुधारण्याची कामगिरी त्याच्यावर सोपवू नये. ‘बापाविषयी असे बोलू नये’ म्हणून त्याचे तोंडही बंद करू नये. बापावर प्रेम असणे आणि बापाचा राग येणे ही दोन्ही एकाच मनात नांदू शकतात. दोन-चार मुले एकत्र बसली, तर त्यांना ‘मी एकटाच नाही’ हे कळते. त्यासाठी शाळेची एक खोली आणि एक विश्वासू माणूस पुरते. मारहाण होत असेल, तर १०९८ हा बालसाहाय्याचा क्रमांक आहे. मन फार खचले असेल, तर २०२२ साली सुरू झालेल्या ‘टेलिमानस’चा १४४१६ हा क्रमांक आहे. हे दोन आकडे प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर लिहिलेले असावेत.

देबूला दापुरे मिळाले, म्हणून महाराष्ट्राला गाडगे बाबा मिळाले. प्रत्येक मुलाला सख्खे आजोळ असतेच असे नाही. ज्याला ते नाही, त्याच्यासाठी गावातील एखादी शाळा, एखादे वसतिगृह, एखादे मंदिर आजोळ होऊ शकते. तो नववीतला मुलगा पुन्हा आमच्या दाराशी आला, तर आम्ही त्याला प्रथम आत बोलावू, शेजारी बसवू आणि सांगू, “नाही बाळा, तुझी प्रार्थना कमी पडली नव्हती. आम्ही कमी पडलो.”