तळटीप : ध्वनिमुद्रकाचा छापील रोजनामा

१४. लेखक इथे ज्या कागदी नोंदीचा आधार घेतो, ती कोणा कारकुनाने लिहिलेली नाही. ध्वनिमुद्रकानेच छापून घेतलेली आहे. विमानवाहतूक किंवा पोलीस नियंत्रण कक्षांतली अनेक वाहिन्यांची ध्वनिमुद्रण यंत्रे अहोरात्र चालत. टेप कधी बदलली, कोणती वाहिनी बंद पडली, इशारा केव्हा वाजला, हे वेळेसह आरएस-२३२ या सिरियल जोडणीतून प्रिंटरकडे जाई. दोन्ही टोकांचा वेग आणि बिटांची मांडणी जुळली नाही, तर कागदावर नुसती निरर्थक चिन्हे उमटत.

खरी मेख वेगळी आहे. ९६०० बॉडने सेकंदाला सुमारे ९६० अक्षरे येतात; डॉट मॅट्रिक्स प्रिंटर बहुधा दोन-तीनशेच छापतो. ‘थांब’ असे ध्वनिमुद्रकाला कळवणारी हँडशेकची तार जोडलेली नसेल, तर प्रिंटरची स्मृती भरते आणि मधल्या ओळी गळतात. तेही ऐन गडबडीत, कारण नोंदी तेव्हाच दाटीने येतात. म्हणून वेळांमधली प्रत्येक पोकळी म्हणजे कक्षातली शांतता, हे लेखकाचे गृहीतक मला मान्य नाही. डॉट मॅट्रिक्सऐवजी लेझर प्रिंटर वापरणे या कामाला सोयीचे नव्हते. तो साधारणपणे पान भरेपर्यंत थांबतो, डॉट मॅट्रिक्स ओळ येताच छापतो. — संपा.