टाउन हॉलातील समुद्रदेव आणि रोमचे कुणबी

उचगावाहून कोल्हापूर हाकेच्या अंतरावर. तरी आमच्या शाळेतील मुलांना टाउन हॉलाची सहल म्हणजे सणच. तेथील वस्तुसंग्रहालयात ब्रह्मपुरीच्या टेकाडातून निघालेली पोसायडन या समुद्रदेवाची लहानशी कांस्यमूर्ती आहे. सातवाहनांच्या काळी रोमन व्यापाराच्या ओघात ती पंचगंगेकाठी आली. ब्रह्मपुरीचे रीतसर उत्खनन डॉ. सांकळिया आणि डॉ. दीक्षित यांनी १९४५-४६ साली केले. मूर्तीचा डौल पाहून एका मुलाने विचारले, "गुरुजी, रोमन लोक पहिल्यापासूनच एवढे श्रीमंत होते का हो?"

मुळीच नव्हते! हा समुद्रदेवसुद्धा मूळचा ग्रीकांचा. रोमनांचा स्वतःचा नेपच्यून आधी गोड्या पाण्याचा देव होता. समुद्राशी त्यांचे नाते फार उशिरा जुळले. परंपरेने रोमची स्थापना इ. स. पू. ७५३ सालची; पण त्या काळचे रोम म्हणजे टायबर नदीच्या उताराजवळ, टेकडीवर वसलेल्या कुडाच्या झोपड्या. गुरे हीच दौलत. लॅटिनमध्ये पैशाला 'पेकुनिया' म्हणत, आणि तो शब्द 'पेकुस' म्हणजे गुरे यावरून आला. आपला 'पशु' याच शब्दाचा सख्खा भाऊ. वसुबारसेला गाय-वासरू पुजणाऱ्या घराला हे वेगळे समजावून सांगायला नको.

पुढे राजे गेले, प्रजासत्ताक आले. पण अधिकार व धर्मकृत्ये पॅट्रिशियन या मोजक्या घराण्यांच्या हाती राहिली. बाकीची सामान्य प्रजा ती प्लेबियन. नांगर तिने धरायचा आणि भालाही तिनेच.

लिव्ही या इतिहासकाराने इ. स. पू. ४९५ सालची एक हकिकत सांगितली आहे. रोमच्या चौकात एक म्हातारा धावत आला. अंगावर चिंध्या, दाढी वाढलेली. लोकांनी ओळखले, हा तर जुना लढवय्या! तो लढाईवर असताना शत्रूने त्याचे शेत उजाड केले, घर जाळले, गुरे हाकून नेली. वर कर भरण्यासाठी कर्ज काढावे लागले. व्याज फुगले, वाडवडिलांची जमीन गेली आणि अखेर सावकाराने त्यालाच धरून नेले. छातीवर लढाईचे वण होते, पाठीवर चाबकाचे ताजे वळ.

पुढच्याच वर्षी प्लेबियनांनी शहर सोडले व ते दूर एका टेकडीवर जाऊन बसले. मेनेनियस अग्रिपा याने त्यांना पोट आणि हातापायांची गोष्ट सांगून समजावले म्हणतात. पोट सगळ्या अंगाला अन्न पुरवते, हे खरे. पण सावकाराच्या पोटाला ते कसे लागू पडावे, हे मला अद्याप उमगलेले नाही. प्लेबियनही नुसत्या गोष्टीवर उठले नाहीत. ट्रिब्यून हे आपले कैवारी त्यांनी पदरात पाडून घेतले, तेव्हाच ते घरी परतले.

इ. स. पू. ४५० च्या सुमारास कायदा प्रथमच बारा फलकांवर लिहून चौकात लावला गेला. तोही मोठा कठोर! कर्ज कबूल केल्यावर फेडीला तीस दिवस. नंतर बेड्या, आणि शेवटी टायबरपार विक्री. तरीपण कायदा आता सर्वांच्या डोळ्यांसमोर होता. कर्जासाठी माणूस बांधून ठेवण्याची चाल लिव्हीच्या मते इ. स. पू. ३२६ मध्ये बंद झाली.

आपल्याकडे १८७५ साली सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली. त्यानंतर १८७९ च्या कायद्याने पुणे, सातारा, सोलापूर व नगर जिल्ह्यांत कर्जापायी शेतकऱ्याला कैद करणे थांबले. मधे अंतर बावीसशे वर्षांचे!

परतताना गाडीत तोच मुलगा जवळ येऊन बसला. "गुरुजी, त्या म्हाताऱ्याला त्याची जमीन परत मिळाली का?"

लिव्हीने ते लिहिलेले नाही. त्याचे नावसुद्धा दिलेले नाही.