मडके, मास्क आणि १८९७ चा कायदा

महाराष्ट्र शासनाने २ एप्रिल २०२२ पासून कोरोनाचे सर्व निर्बंध मागे घेतले, मास्क ऐच्छिक झाला. तोंडावरचा रुमाल निघाला; पण ज्याच्या जोरावर ही बंधने लादली गेली, तो १८९७ चा साथरोग कायदा मात्र जागेवरच आहे. पुन्हा साथ आली तर पुन्हा तोच बाहेर निघेल. वाटूर फाट्यावर आजही चर्चा 'लॉकडाऊन बरोबर की चूक' एवढ्यावरच संपते. आमच्या मते खरा प्रश्न वेगळा आहे : बंधन कोणावर, कशासाठी आणि किती दिवस?

४ फेब्रुवारी १८९७ रोजी इंग्रज सरकारने हा कायदा केला. मुंबई-पुण्यात प्लेगने थैमान घातले होते. मूळ कायदा अवघ्या चार कलमांचा. सरकारला वाटेल ते नियम करण्याचा अधिकार, मोडणाऱ्याला शिक्षा आणि सद्हेतूने काम करणाऱ्या अधिकाऱ्याला खटल्यापासून संरक्षण. रुग्णाचा उपचार, मजुराची भाकरी, बुडालेली मजुरी यांबद्दल एक शब्द नाही. पुण्यात रँडच्या हाताखाली सोजीर घराघरात शिरले. २२ जून १८९७ ला चाफेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. शाळेत आपल्याला प्लेगचा इतिहास म्हणून एवढेच शिकवले जाते.

त्याच वर्षी, त्याच पुण्याजवळ हडपसर भागातील ससाणे मळ्यात सावित्रीमाई आणि डॉ. यशवंत यांनी प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना चालवला होता. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलाला माईंनी पाठीवर घालून आणले. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. साथीशी लढण्याच्या दोन वाटा एकाच शहरात, एकाच वर्षी दिसल्या : एक हुकमाची, दुसरी सेवेची. राज्यकर्त्यांनी पहिली उचलली.

'मास्क म्हणजे पुन्हा गळ्यात मडके' असे आमचेच काही मित्र म्हणत. हे आम्हाला मान्य नाही. पेशवाईत पुण्यात अस्पृश्याच्या गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधावा लागे, हे बाबासाहेबांनी 'जातिसंहारा'वरील ग्रंथात मांडले आहे. ते बंधन जन्मावर होते, एकाच समाजावर होते आणि त्याला शेवटची तारीख नव्हती. मास्क रोगासाठी होता, कलेक्टरला होता आणि सफाई कामगारालाही होता. दोन्ही एकाच मापाने मोजले तर मडक्याचा अन्याय लहान होतो.

मात्र 'सोशल डिस्टन्सिंग' या शब्दावर आपला आक्षेप रास्तच होता. समाजात अंतर तर मनुवादाने आधीच ठेवले होते. साथीत हवे होते ते शारीरिक अंतर. जागतिक आरोग्य संघटनेनेही २० मार्च २०२० रोजी शब्द बदलून शारीरिक अंतर म्हणायला सुरुवात केली. १९२७ साली याच तारखेला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले होते.

नियम सर्वांना सारखा होता, पण त्याची झळ सारखी होती का? आपल्या जालना जिल्ह्याकडे पाहा. ऊसतोड कामगार कारखान्यांवर अडकले. त्यांना गावी परतण्याची परवानगी मिळायला एप्रिलचा मध्य उजाडला. आणि ८ मे २०२० ची पहाट! जालन्याच्या पोलाद कारखान्यातले मजूर मध्य प्रदेशातील गावी जायला रुळांच्या कडेने पायी निघाले. थकून बदनापूर-करमाड दरम्यान रुळांवरच झोपले. मालगाडीखाली १६ जण चिरडले गेले. त्यांत बरेच गोंड आदिवासी होते. पाससाठी अर्ज केले, उत्तर आले नाही, असे वाचलेल्यांनी सांगितले. ज्यांच्याकडे घर, पगार आणि गाडी होती, त्यांच्यासाठी तोच लॉकडाऊन सुट्टीसारखा गेला.

आंबेडकरी समाजाने या काळात काय केले? २०२० आणि २०२१ ची भीमजयंती घरात साजरी केली. २०२० च्या धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर गर्दी केली नाही. लाखोंच्या समाजाने ही शिस्त पाळली, कारण बुद्धाचा धम्म कारण तपासायला शिकवतो. रोगाचे कारण पटले, म्हणून नियम पाळला.

पण नियम पाळणाऱ्यालाच जाब विचारण्याचा पहिला हक्क आहे. संविधानाने कलम १४ ने समानता आणि कलम २१ ने जीविताचा हक्क दिला आहे. १८९७ चा कायदा प्रजेसाठी होता, आपण नागरिक आहोत. म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे : साथीच्या कायद्यात बंधनासोबत रेशन, मजुरीची भरपाई, गावी पोहोचवण्याची जबाबदारी आणि मुदत लिहिलेली असली पाहिजे. दंडाची पावती फाडणाऱ्या हातावर भाकरी देण्याचीही सक्ती हवी.

तरुणांनो, हा कायदा एकदा काढून वाचा. फार वेळ लागणार नाही. मग ग्रामसभेत, आमदारापुढे, निवेदनात हाच प्रश्न मांडा. पुढची साथ आपल्याला विचारून येणार नाही. आपण मात्र आजच विचारून ठेवू शकतो.

जय भीम! जय संविधान!